जीरू, कण्हेर आणि एकवीस पत्री

परवा आमच्या कॉलनीतल्या एका ताईंनी मला गेटवरच गाठलं, "तुमच्याकडे कुत्रा पण आहे आणि कण्हेर पण आहे, म्हणजे चालते ना हो कुत्र्यांना कण्हेर?" त्यांच्याकडे नुकतंच लॅबचं पिल्लू आलंय आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून ओळीने कण्हेरी उभ्या आहेत. मी म्हटलं नाही चालत, अजिबात नाही चालत, पण थांबा पूर्ण सांगते, आणि मग त्यांच्या हातात भाजीची पिशवी तशीच आणि माझं अर्धा तास चालू. घरी आल्यावर वाटलं की लिहूनच टाकावं.

आधी सरळ उत्तर, कारण कुणी रात्री बारा वाजता कुत्रा मांडीवर घेऊन हे वाचत असेल तर त्याला माझी गोष्ट नकोय. कण्हेर, म्हणजे गुलाबी, पांढरी किंवा लाल फुलं येणारी, लांब चिवट पानांची, हिंदीत कनेर, इंग्रजीत ओलिएंडर, ती कुत्र्यांना विषारी आहे. पान, फूल, काडी, साल, मूळ, सगळं. वाळलेलं पान पण. पिवळ्या फुलांची जी बिट्टी असते ती पण, तिच्या तर बिया सगळ्यात वाईट. कुत्र्याने खाल्ली असं नुसतं वाटत जरी असेल तरी उलट्या होतायत का ते बघत बसू नका, आत्ता व्हेटला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा.

आता गोष्ट.

आमचं घर इंदौरच्या सुदामानगरला. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, ८८ साली बांधलं आणि गेटच्या दोन्ही बाजूला तीन कण्हेरी लावल्या, दोन गुलाबी आणि एक पांढरी. त्यांचं लॉजिक एकदम पक्कं होतं, पाणी लागत नाही, बारा महिने फुलं आणि गाय खात नाही. इंदौरमधे मे महिन्यात बोरिंगला पाणी असतं की नाही ते ज्याला माहितीये त्याला पहिला मुद्दा समजावून सांगायला नको. तिसऱ्या मुद्द्यासाठी तर हायवेच्या डिव्हायडरवर पण हीच झाडं लावतात. गाय खात नाही हे आम्ही पस्तीस वर्षं कौतुकाने सांगत आलो आणि गाय का खात नाही हे घरातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही.

जीरू आला जुलैमधे. पोह्याच्या ठेल्यामागे भर पावसात बसलेलं दोन महिन्यांचं देशी पिल्लू, लेकीने उचलून स्कूटीवर मांडीत घेतलं ते थेट घरी. नाकावर तपकिरी ठिपके आहेत, कुणी जीरावन भुरभुरल्यासारखे, म्हणून जीरू. (जीरावन काय ते माहिती नसेल तर इंदौरला येऊन पोहे खा, मी समजावू शकत नाही.) सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, पहिले दोन दिवस कडक विरोध होता, तिसऱ्या दिवशी त्या त्याच्यासाठी दहीभात वेगळा कालवताना सापडल्या.

मी तशी काळजी करणाऱ्यातली आहे. पिल्लू आल्याबरोबर गूगल केलं होतं, कुत्र्यांना कोणती झाडं वाईट. कारण जीरू जास्वंदीच्या कळ्या तोडून खायचा. तर जास्वंद ठीक आहे, फार खाल्ली तर पोट बिघडेल इतकंच असं वाचलं आणि निवांत झाले. त्याच लिस्टमधे वर ठळक अक्षरात ओलिएंडर पण होतं, ते मी वाचलं, आणि हे काहीतरी फॉरेनचं झाड असेल असं समजून खाली गेले!! ज्या झाडाला टेकून मी फोन बघत होते ते झाड. आपल्याला झाडं ज्या नावाने माहिती असतात त्या नावाने शोधलं की हाती काही लागत नाही, आणि लागतं ते ज्या नावाने ते नाव आपल्या झाडाचं आहे हेच माहिती नसतं.

आणि हो, आमच्याकडे आधी राजा होता, तेरा वर्षं त्याच कण्हेरीखाली झोपला, काहीसुद्धा झालं नाही. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय की मला पाठ झालंय. राजाला काही झालं नाही कारण राजाने खाल्ली नाही, बास. पान कडू असतं, मोठा शहाणा कुत्रा उभ्या झाडाला सहसा तोंड लावत नाही. पण दात येत असलेल्या पिल्लाला कडू-गोड काही कळत नाही, ते चपलेचा पट्टा खातं, झाडूच्या काड्या खातं, माझ्या चष्म्याची दांडी खाऊन झालीये.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. पत्री घरचीच. बेल शेजाऱ्यांकडून, रुई मागच्या रिकाम्या प्लॉटवरून, धोत्रा पण तिथूनच, आणि कण्हेर अर्थात गेटवरून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप्पांना निरोप देऊन आलो, दारातच सगळे दमून टेकलो, निर्माल्याची पिशवी सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत वेगळी द्यायची म्हणून गेटच्या हुकला अडकवून ठेवली होती. कापडी पिशवी. खालची शिवण जीरूच्या उंचीवर.

लेक ओरडली तेव्हा पिशवी फाटून सगळं अंगणभर झालेलं आणि हा मधोमध बसून आरामात चघळतोय. मला आधी हसू आलं, खरंच सांगते. दूर्वा तोंडातून लोंबत होत्या. मग आई आतून आल्या, बघितलं आणि एकदम शांतपणे म्हणाल्या, "अगं, त्यात धोत्रा आहे."

आता धोत्रा विषारी हे त्यांना माहिती, मला माहिती, सगळ्यांनाच माहिती. पण याने धोत्रा खाल्ला की बेल खाल्ला की शमी, कळणार कसं? पत्री एकवीस प्रकारची आणि सगळी दीड दिवस सुकून मऊ पडलेली. व्हेटला फोन लावला, पहिला क्लिनिक बंद, दुसरीकडे रिंग जाऊन जाऊन कट. तिसऱ्यांनी उचलला आणि पहिला प्रश्न, "काय खाल्लंय ते नक्की सांगा." दुसरा, किती वाजता. तिसरा, वजन किती. मी म्हटलं देवाची पत्री. ते म्हणाले मॅडम, पत्री म्हणजे कोणकोणती पानं, उरलेली बघा, पाच मिनिटांत सांगा आणि तोवर गाडी काढा, घरी काही पाजू नका, मिठाचं पाणी तर मुळीच नाही, दूध पण नाही.

ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. नवरा गाडी काढतोय, लेकीने जीरूला धरलंय, आणि मी अंगणात बसून पेपरवर एकेक पान मांडतेय. आणि आईंनी काय केलं असेल, तर आतून पूजेची पोथी आणली. चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या, सुमुखाय नमः मालतीपत्रं, आहे का बघ, गणाधिपाय नमः भृंगराजपत्रं, म्हणजे माका, आहे? उमापुत्राय नमः बिल्वपत्रं. मी पान शोधून हो म्हणायचं, त्यांनी पुढचं वाचायचं. हरसूनवे नमः धत्तूरपत्रं. धोत्र्याचं पान अख्खं सापडलं, देठासकट, मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. झालं, वाचलो, असं म्हणून मी उठायला लागले तर आई म्हणाल्या थांब, संपू दे.

विकटाय नमः करवीरपत्रं.

करवीर म्हणजे कण्हेर. आम्ही सात पानं वाहिली होती, आईंनी मोजून तोडली होती. पेपरवर चार. आणि जीरूच्या पुढच्या पंजाखाली पाचव्याचा अर्धा तुकडा, मधली जाड शीर तशीच, कडेला बारीक बारीक दातांची नक्षी, आपण शंकरपाळ्याला कातणी फिरवतो तशी. गाडीतूनच डॉक्टरांना सांगितलं, धोत्रा नाही, रुई पण सगळी आहे, कण्हेर खाल्लीये, अडीच पानं. मला वाटलं ते म्हणतील ठीक आहे. पलीकडे एक सेकंद शांतता आणि मग, "किती वेळात पोचताय?"

क्लिनिकमधलं थोडक्यात. उलटीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत दूर्वा, अर्धा मोदक आणि हिरवे चिवट तुकडे बाहेर. मग चारकोल, म्हणजे कोळशाची औषधी पूड पाण्यात कालवून सिरिंजने तोंडात, त्याचं तोंड काळं, माझी गणपतीची साडी काळी, फरशी काळी, ती एकदाच नाही, परत परत द्यावी लागली, कारण हे विष पित्तातून पुन्हा आतड्यात येत राहतं. सलाइन, पायांना क्लिप लावून ईसीजी. ईसीजीच्या पट्टीवर मला तर काही कळत नव्हतं पण डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, हे बघा इथे एक ठोका यायला हवा होता, आला नाही. रात्रभर ठेवलं. पहाटेपर्यंत ठोके लायनीवर आले, दुसऱ्या संध्याकाळी घरी सोडला. उरलेले तुकडे लवकर बाहेर आले म्हणून, नाहीतर पाच किलोच्या पिल्लाला अडीच पानं काही कमी नव्हती.

रात्री तिथे बाकावर बसून डॉक्टरांना विचारलं की नक्की करतं काय हे पान. त्यांनी उलटा प्रश्न केला, तुमच्या घरी कुणाला हार्टची डायगॉक्सिनची गोळी होती का कधी? होती. बाबांना. शेवटची सहा वर्षं, आईंनी रोज सकाळी डबीतून काढून दिलेली. म्हणाले, बस, त्याच जातीचं औषध या पानात आहे, ओलिअँड्रिन नाव, फक्त इथे मात्रा कुणी मोजलेली नाही. हृदयाच्या पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत टाकणारा एक पंप असतो, हे त्या पंपालाच अडकवतं. मग पेशीत कॅल्शियम साठतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि ठोक्यांचा ताल बिघडतो, कधी फार हळू, कधी वेडावाकडा. आधी दिसतं काय तर लाळ, उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे, मग मलूल पडणं. म्हणजे सुरुवातीला साधं पोट बिघडल्यासारखंच, आणि इथेच लोक फसतात, दही-भात घालून सकाळपर्यंत थांबतात. यावर उतारा आहे, माणसांच्या डायगॉक्सिनच्या विषबाधेवर देतात तेच इंजेक्शन, पण ते प्रचंड महाग आणि आपल्याकडे कुत्र्यासाठी वेळेवर मिळणं जवळपास नाहीच. म्हणून सगळी मदार लवकर पोचण्यावर.

बाबांनी लावलेलं झाड आणि बाबांची गोळी, हे दोन्ही एकच निघावं याचं मला त्या रात्री फार काहीतरी वाटलं. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "संस्कृतात त्याला अश्वमारक पण म्हणतात. घोडा मारणारं." मी म्हटलं आई हे तुम्हाला माहिती होतं?! तर म्हणे, घोडा कुठे होता आपल्याकडे.

यावर काय बोलणार.

मग झाडं तोडायची का, हा पुढचा प्रश्न, घरात दोन आठवडे यावरच महाभारत. नवरा म्हणाला उद्याच मुळासकट काढू. आई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांचं म्हणणं मला पटलं, उभ्या झाडापेक्षा पडलेलं झाड जास्त धोक्याचं. छाटणीनंतर अंगणात पडलेल्या फांद्या, सुकलेली पानं (कोरडी झाली की कडूपणा तेवढा जाणवत नाही, विष मात्र तसंच राहतं), फुलदाणीतलं पाणी, आणि आमच्यासारखं निर्माल्य. खेळायला म्हणून कण्हेरीची काडी फेकली तर गेलंच. तोडायचीच तर कुत्रा दोन दिवस दुसरीकडे ठेवून तोडा, पान न् पान उचला आणि जाळू तर अजिबात नका, धूर पण वाईट असतो.

शेवटी तडजोड झाली. गुलाबी दोन राहिल्या, त्यांच्या भोवती कमरेइतकी जाळी, आतली पानं रोज मी झाडते. पांढरी काढली कारण ती बरोबर जीरूच्या झोपायच्या जागेवर झुकलेली होती. मला विचाराल तर, घरात आधीपासून झाड असेल, कुत्रा मोठा आणि समजूतदार असेल आणि तुम्ही रोज झाडणार असाल तर ठेवा. पिल्लू आणणार असाल आणि नवीन झाड लावायचंय, तर कशाला? मोगरा लावा ना, जास्वंद लावा, गुलाब लावा, काटा टोचेल फारतर. "आमच्याकडे कायमची आहे, काही होत नाही" हे सांगणाऱ्यांचं मात्र मी आता ऐकून घेत नाही, ते कुत्र्यांना कुकरमधली हाडं घालणाऱ्यांच्याच रांगेतले.

त्यानंतर मी पूर्ण बाग फिरून एकेका झाडाचं नाव शोधलं, यावेळी फोटो काढून, नीट. तर असं निघालं की कण्हेरीचा गोतावळा मोठा आहे. अडेनियम, ते जाड बुडाचं, आजकाल प्रत्येक गॅलरीत गमल्यात असतं (हो, आम्ही गमलाच म्हणतो, पुण्याची नणंद हसते, हसू दे), ते त्याच घराण्यातलं आणि त्यात पण हृदयाचंच विष. रुई पण त्याच घराण्यातली आणि तोच प्रकार. देवचाफा त्यातलाच पण सौम्य, चीक लागून तोंड चुरचुरेल. सदाफुली पण याच घराण्यातली आणि विषारीच, पण तिची एक गंमत डॉक्टरांनी सांगितली, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध काढतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना एकमेकांपासून पसरणारी जी गाठ होते, कॅन्सरचीच, त्यावर तेच इंजेक्शन देतात आणि बहुतेक कुत्री त्याने बरी होतात. त्यांच्याकडे त्याच दिवशी एक गल्लीतली म्हातारी कुत्री त्याच इंजेक्शनसाठी आली होती.

मला सगळ्यात जास्त दचकायला झालं ते सायकसचं वाचून. बंगल्यांच्या दारात दोन्हीकडे ऐटीत ठेवलेला असतो तो पामसारखा. त्याने कुत्र्याचं लिव्हर जातं, बिया तर फारच वाईट, आणि नर्सरीवाले तो सगळ्यात आधी दाखवतात. मी आमच्या नर्सरीवाल्याला म्हटलं की भैया कुत्तेवालों को बताया करो, तर म्हणाला, "भाभीजी, कुत्ता घास खाता है, सायकस कौन खाएगा." उलट पॉइन्सेटिया, ख्रिसमसचं लाल पानांचं, ते उगाच बदनाम आहे, थोडी लाळ-उलटी इतपतच. आणि झाड सोडून एक, खत. एरंडीची पेंड मातीत घातली की कुत्रे उकरून खातात, वास आवडतो त्यांना, आणि एरंडीत रायसिन असतं. आमच्या मालीबुवांनी गुलाबाला तीच घातलेली होती. म्हणजे मी गुलाब सेफ म्हणून खूश आणि बुडाशी हे. आता फक्त शेणखत आणि भाजीच्या सालांचं घरचं खत.

यंदाच्या गणपतीला पत्री तशीच वाहिली, एकवीस, कण्हेरीसकट. आई ऐकणाऱ्यातल्या नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही पोथीतलं एक नाव गाळावंसं वाटलं नाही. फक्त आता त्या तोडताना मोजतात, वाहताना मोजतात आणि विसर्जनानंतर निर्माल्यात परत मोजतात, आणि पिशवीऐवजी झाकणाचा स्टीलचा डबा, तो पण फ्रिजवर.

गेल्या आठवड्यात मालीबुवा छाटणीला आले होते. जीरूला आत कोंडलं होतं पण लेकीने दार उघडलं आणि हा सुसाट बाहेर, परत आला तो तोंडात ही लांब काडी घेऊन, शेपूट हलवत. मी भाजी टाकून धावले, नवरा मीटिंग सोडून धावला, मालीबुवा कात्री हातात घेऊन तसेच उभे, आणि आई खुर्चीतूनच ओरडल्या, "पान बघा आधी, पान!" पान रुंद, कडा कातरलेल्या. जास्वंद. त्याच्या तोंडातून कुणी ती काढून घेतली नाही, तिथेच गेटपाशी बसून त्याने सालीसकट सगळी संपवली.